अर्वाचीन नाण्यांचे दर्जे व लिलावांतील मोलें : एक परीक्षण

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जुनीं नाणीं, हस्तलिखितें व सुटे दस्तऐवज यांच्या खरेदीविक्रीची जागा बदलली आहे. पूर्वी हा व्यवहार आमच्या कोल्हापुरांत गुजरींतील एखाद्या सराफाच्या पेढीवर, किंवा जुन्या भांड्यांच्या मोडीबरोबर होत असे; आतां तो ऑनलाइन लिलावांत होतो. लिलावाच्या याद्या अगोदर प्रसिद्ध होतात, प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र दिलेलें असतें, आणि परगांवच्या लिलावांत घरबसल्या बोली लावतां येते. या याद्या संशोधकाच्या दृष्टीनें एक नवें साधन आहेत. आणि साधन म्हटलें म्हणजे त्याचें परीक्षण ओघानेंच आलें. ग्रंथांचें परीक्षण आपल्या त्रैमासिकांत नेहमीं येतें. लिलावाच्या याद्यांचें परीक्षण मात्र आमच्या पाहण्यांत फारसें आलेलें नाहीं. म्हणून हा अल्प प्रयत्न.

परीक्षणाचा विषय सर्व याद्या नसून त्यांतील एकच प्रकार आहे. आपल्या हयातींत सरकारी टांकसाळींत पाडलेलीं, तुम्हीं-आम्हीं भाजीबाजारांत खर्चिलेलीं नाणीं, केवळ एका पारदर्शक पेटींत बंद असून त्या पेटीवर वरच्या दर्जाचा आंकडा छापला आहे एवढ्याच कारणानें, दर्शनी किंमतीच्या शेंकडों किंवा हजारों पटींनीं विकलीं जातात. त्याच यादींत चार पानें पुढें गेलें असतां शिवराईचे ढीग दिसतात. त्यांचें वर्णन एका ओळींत आटोपलेलें असतें, आणि एकेका नाण्यास पडणारें मोल पेटींतल्या नाण्याच्या पासंगासही पुरत नाहीं. हा विपर्यास कोणत्या विचारानें उत्पन्न झाला, त्यांत ग्राह्य किती व त्याज्य किती, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास एक प्रसंग कारण झाला. आमचा एक जुना विद्यार्थी, जो आतां शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत स्वतःचा कारखाना चालवितो, दिवाळीच्या भेटीस आला असतां त्यानें खिशांतून अशी एक पेटी काढून आमच्या हातीं दिली. "सर, याला सदुसष्ट मिळालेत," असें तो मोठ्या अभिमानानें म्हणाला. पेटींत १९९९ सालचें दोन रुपयांचें, अकरा बाजूंचें, शिवछत्रपतींची प्रतिमा असलेलें नाणें होतें. तांबें-निकेल मिश्र धातूचें हें नाणें चलनासाठींच काढलें होतें, व तें अनेक वर्षें सर्रास फिरत होतें. विद्यार्थ्यानें त्यास आठ हजार रुपये दिले होते. पैसे कोठून आणले असें सहज विचारतां तो म्हणाला कीं, पणज्यांच्या वेळची शिवराईंची थैली माळ्यावर पडून होती, ती लिलावास दिली; तिच्यांत पुष्कळशीं झिजलेलीं होतीं, पण एकंदरीनें पेटीचा खर्च निघाला. शिवछत्रपतींचें चित्र असलेलें दोन रुपयांचें नाणें घेण्यासाठीं शिवछत्रपतींच्या नांवाचीं नाणीं ढिगानें विकलीं गेलीं, ही गोष्ट त्याच्या ध्यानांतही आली नव्हती. त्या थैलीविषयीं आणखी एक गोष्ट आहे. ती लेखाच्या अखेरीस सांगूं.

प्रथम या दर्जांची उत्पत्ति पाहूं. अमेरिकेंत विल्यम शेल्डन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९४९ सालीं तेथील आरंभींच्या सेंट नाण्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें १ पासून ७० पर्यंत एक मोजपट्टी दिली. जें नाणें जेमतेम ओळखतां येतें त्यास १, व ज्यांत कांहींच वैगुण्य नाहीं त्यास ७०. हा सत्तरचा आंकडा कोणत्याही शास्त्रांतून आलेला नाहीं. त्या वेळीं विशिष्ट सेंट नाण्याच्या अगदीं निकृष्ट प्रतीस जी किंमत येई तिच्या सुमारें सत्तरपट किंमत उत्कृष्ट प्रतीस येई, म्हणून हा आंकडा घेतला. म्हणजे मूळांत बाजारभाव हें कारण व दर्जा हें कार्य होतें. पुढें भाव बदलले, पण मोजपट्टी राहिली; १९७० नंतरच्या दशकांत ती तेथील सर्व नाण्यांस लाविली गेली; आणि १९८६ व १९८७ सालीं पीसीजीएस व एनजीसी या दोन व्यापारी संस्था निघाल्या, त्यांनीं नाणें तपासून, दर्जाचा आंकडा देऊन, तें प्लॅस्टिकच्या पेटींत मोहोरबंद करण्याचा धंदा सुरू केला. या पेटीसच व्यापारी 'स्लॅब' म्हणतात. आतां दर्जा हें कारण होऊन भाव हें कार्य झालें आहे. कार्यकारणांची अशी अदलाबदल झाली असतां तर्कास कोठें उभें राहावें हेंच कळत नाहीं. शेल्डनच्या मृत्यूनंतर असेंही निष्पन्न झालें कीं, अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागीं त्यानें हलक्या प्रती ठेविल्या होत्या. व्यक्तीच्या दोषानें पद्धति दूषित ठरत नाहीं हें खरें. परंतु 'उत्तम प्रत' हा एकच ध्यास लागला म्हणजे जाणता मनुष्यही कोठवर जातो, याचें हें उदाहरण विसरूं नये.

नाणें पारखण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पाडण्यावर लक्षणाध्यक्ष व नाणीं पारखण्यावर रूपदर्शक असे दोन निराळे अधिकारी सांगितले आहेत, आणि पारखण्याची फी 'पारीक्षिक' या नांवानें शेंकडा एक अष्टमांश अशी ठरविली आहे. मराठेशाहींत हेंच काम पोतदार करी. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली शिक्का असे नाना प्रकारचे रुपये एकाच वेळीं चालत. कोणता रुपया कोणत्या दरानें घ्यावयाचा व त्यावर बट्टा किती, हें पोतदार सांगे, आणि ज्यानें जुने जमाखर्च वाचले आहेत त्यास बट्ट्याच्या रकमा पानोपानीं भेटल्या असतील. परंतु या पारखीचा विषय काय होता? धातूचा कस, वजन व शिक्क्याचा खरेपणा. नाण्याच्या गालावर ओरखडा आहे किंवा नाहीं, हें पोतदार पाहत नसे.

येथें व्याकरणाचा आधार घेण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. 'रूप्य' हा शब्द पाणिनीनें दोन अर्थीं साधिला आहे : एक 'आहत', म्हणजे ज्यावर ठोकून रूप उमटविलें आहे तें, आणि दुसरा 'प्रशंसा', म्हणजे ज्याचें रूप वाखाणण्यासारखें आहे तें. वृत्तिकारांनीं पहिल्यास नाण्याचें व दुसऱ्यास सुरूप पुरुषाचें उदाहरण दिलें आहे. आपल्या प्रस्तुत वादाचें सार या दोन अर्थांत आलें आहे. इतिहासकारास नाणें हवें तें आहत म्हणून : कोणीं ठोकलें, कोठें ठोकलें, कशावर ठोकलें, कोणाच्या आज्ञेनें ठोकलें. पेटीवाल्यास तें हवें प्रशंसेसाठीं. दोन्ही अर्थ शुद्ध आहेत. पण एकाचा भाव दुसऱ्याच्या नांवावर मागणें हा शब्दच्छल होय.

दर्जाच्या सूक्ष्मतेविषयीं आम्हांस अनुभवानें बोलण्याचा अधिकार आहे, कारण गुण देण्याचा धंदा आम्हीं तीसांहून अधिक वर्षें केला. न वापरलेल्या नाण्यास ६० पासून ७० पर्यंत अकरा पायऱ्या ठेविल्या आहेत. त्यांतील ६० व ७० यांतील भेद कोणाही डोळस माणसास दिसेल. ६६ व ६७ यांतील भेद भिंगानेंही प्रत्येक वेळीं तसाच दिसेल, असें कोणी शपथेवर सांगणार नाहीं. संस्कृताची एकच उत्तरपत्रिका सकाळीं व संध्याकाळीं तपासली तर एकदोन गुणांचा फरक पडतो, ही गोष्ट प्रत्येक प्रामाणिक शिक्षकास ठाऊक आहे. या संस्थांतही तेंच होतें. म्हणून कित्येक व्यापारी पेटी फोडून तेंच नाणें पुनः तपासणीस पाठवितात, आणि वरचा दर्जा मिळेपर्यंत पाठवीत राहतात. आमच्या विद्यार्थ्यांस अशी सवलत असती तर प्रत्येक जण पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला असता! गुणांतील एका अंकाचा फरक असतां किंमत दुप्पट किंवा दसपट होते, तेव्हां खरेदीदार नाणें विकत घेत नसून परीक्षकाचें त्या क्षणींचें मत विकत घेत असतो.

याहून मोठा दोष 'दुर्मिळ' या शब्दाच्या वापरांत आहे. यादींत 'या दर्जाचें एकमेव नाणें' असें वर्णन वारंवार येतें. त्यास आधार म्हणून दर्जा देणाऱ्या संस्थेचें गणनापत्रक दाखविलें जातें. परंतु त्या पत्रकांत काय मोजलेलें असतें? जगांत किती नाणीं आहेत तें नव्हे. तपासणीस किती आलीं तें. न्यायशास्त्रांत अभाव सिद्ध करण्यासाठीं नुसती अनुपलब्धि चालत नाहीं, योग्य अनुपलब्धि लागते. जमिनीवर घट असता तर तो दिसलाच असता, आणि दिसत नाहीं, म्हणून तो तेथें नाहीं, हें अनुमान बरोबर. पण अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून तो नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. दोन रुपयांचें साधें नाणें तपासणीस पाठविण्याचा खर्च त्याच्या मोलाहून कितीतरी अधिक. म्हणून तें कोणी पाठवीतच नाहीं. टांकसाळीच्या मूळ पिशव्या अजून कित्येक पेढ्यांत व घरांत न उघडलेल्या असतील. आज एकमेव म्हणून आठ हजारांस विकलेल्या नाण्याचे भाऊबंद, हा भाव पाहूनच, उद्यां तपासणीस निघतील. गणनापत्रकांतील आंकडा वाढूं शकतो. कमी होणें जवळजवळ अशक्य. अशी ही दुर्मिळता आपल्या किंमतीनेंच आपला नाश करणारी आहे.

खरी दुर्मिळता कशी असते, याचें एक अर्वाचीनच उदाहरण घेऊं. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या पोषाखावरील पदकमालेंत हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड आंखूड दिसे, व लोकांस तें डुक्कर वाटलें. त्यावरून असंतोष झाला, आणि सरकारास तो रुपया मागें घ्यावा लागला. सुमारें ९४ लक्ष पाडलेल्यांपैकीं सुमारें ७ लक्षच बाहेर गेले होते. पुढच्या वर्षापासून हत्तीचें चित्र सुधारून घेतलें. हा रुपया झिजलेला असला तरी त्याची गोष्ट झिजत नाहीं. त्यास अधिक मोल पडलें तर तें समजण्यासारखें आहे, कारण त्या अधिक मोलाच्या मुळाशीं एक घडलेली गोष्ट आहे. पेटींतील सदुसष्टाच्या मुळाशीं एवढेंच घडलेलें असतें कीं, तें नाणें पिशवींत दुसऱ्या नाण्यावर आपटलें नाहीं.

आतां आपल्या गांवचेंच उदाहरण पाहूं. पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १८७७ सालीं शिशाच्या व मिश्र धातूच्या प्राचीन नाण्यांचा साठा सांपडला. त्यांवर एका बाजूस धनुष्यबाण, आणि वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर व गोतमिपुत विळिवायकुर अशीं तीन राजांचीं नांवें होतीं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं या नाण्यांचा अभ्यास केला, आणि १९०८ सालीं रॅप्सननें ब्रिटिश म्यूझियमच्या सूचींत त्यांचा परामर्श घेतला. टॉलेमीनें हिप्पोकुरा नगरीचा राजा म्हणून ज्या बलेओकुरसाचा उल्लेख केला आहे त्याशीं विळिवायकुराचें नांव विद्वानांनीं जुळविलें आहे. हे राजे सातवाहनांचे मांडलिक कीं स्वतः त्याच कुळांतले, यावर वाद झाला. पण त्यांचा क्रम मात्र निश्चित झाला. कशावरून? कोणत्याही शिलालेखावरून नव्हे. सिवलकुराच्या कांहीं नाण्यांखालीं पहिल्या विळिवायकुराच्या शिक्क्याचे अवशेष दिसतात; आणि दुसऱ्या विळिवायकुराच्या नाण्यांखालीं आधींच्या दोघांचे. मागून आलेल्यानें आधींच्याचें नाणें घेऊन त्यावर आपला शिक्का ठोकला, म्हणून कोण आधीं व कोण मागून हें कळलें.

वाचकांनीं क्षणभर विचार करावा. दोन शिक्के एकावर एक पडलेलें, अक्षरें एकमेकांत मिसळलेलें, कांठ फाटलेलें असें शिशाचें नाणें या मोजपट्टीवर कोठें बसेल? रूपाच्या दृष्टीनें तें कुरूपच. एखाद्या संग्राहकानें केवळ स्वच्छ व सुंदर नाणीं ठेवून अशीं 'बिघडलेलीं' वितळविलीं असतीं, तर कोल्हापूरच्या प्राचीन इतिहासांतील तीन राजांची परंपरा कायमची अंधारांत राहिली असती. त्याच टेकडीवर १९४५-४६ सालीं डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनीं उत्खनन केलें, व तेथील वस्तु आज टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्या वस्तूंचें महत्त्व त्यांच्या तकाकीवर नाहीं, त्या कोणत्या थरांत कशाशेजारीं सांपडल्या यावर आहे. पेटीवर आंकडा असतो, संस्थेचें नांव असतें, अनुक्रमांक असतो. पण हें नाणें कोठून आलें, याला जागाच ठेविलेली नसते. या एका उणिवेमुळें ती पेटी, आमच्या मतें, इतिहासाच्या परीक्षेंत नापास होते.

अर्वाचीन नाण्यांकडेच ही धांव कां वळली, याला कायद्याचेंही एक कारण दिसतें. १९७२ च्या पुरावस्तु व बहुमोल कलावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें ही पुरावस्तु होय, व ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं. दर्जा देणाऱ्या मोठ्या संस्था परदेशांतल्या. तेव्हां शिवराई, पन्हाळ्याचे रुपये किंवा विजयनगरचे होन यांस त्या मार्गानें जाणें निषिद्ध, आणि कालपरवांचीं नाणीं मात्र मोकळीं. त्या संस्थांनीं संग्राहकांच्या नोंदवह्याही ठेविल्या आहेत. ज्याच्या संचांतील दर्जांची बेरीज मोठी त्याचा क्रमांक वर. भाव चढण्यास दोन हट्टी माणसें पुरतात, आणि नोंदवहींतील पहिल्या क्रमांकासाठीं झगडणारे दोघे मिळाले म्हणजे दोन रुपयांचे आठ हजार होतात. त्यांतील एकाचा उत्साह मावळला कीं नाणें विकावयास निघतें, व दुसरा त्यास बोली लावीत नाहीं, कारण त्याच्याकडे तें आहेच.

शिवाय हातोडा पडतो तो भाव म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. त्यावर खरेदीदाराकडून लिलावगृहाचा हक्क, कर व टपाल. आणि विकतांना विक्रेत्याकडून पुनः दलाली. म्हणजे भाव आहे तेथेंच राहिला तरी मालकाचें नुकसान ठरलेलें. अमेरिकेंत तर मोठ्या दलाली पेढ्यांनीं पेटीबंद नाण्यांत भांडवल ओतलें होतें. तेथील भाव १९८९ सालीं शिखरास पोंचले व नंतर कोसळले. ज्यांनीं आवडीनें नाणीं घेतलीं होतीं त्यांच्याजवळ निदान नाणीं राहिलीं. ज्यांनीं आंकडे घेतले होते त्यांच्याजवळ आंकडेच राहिले. आपल्याकडे या हांवेचा फायदा घेणारे भामटेही निघाले. रिझर्व बँकेचें नांव व चिन्ह वापरून, जुन्या नाण्यानोटांस मोठी रक्कम देतों असें सांगून, आधीं दलाली किंवा कर भरावयास लावणारे लोक ऑनलाइन फिरत आहेत, असें त्या बँकेनेंच ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर करून, असले व्यवहार आपण करीत नसल्याचें कळविलें. लिलावगृहांचा व या भामट्यांचा कांहीं संबंध नाहीं, हें स्पष्ट केलें पाहिजे. परंतु साध्या नाण्यास हजारों रुपये येतात ही वार्ताच भोळ्या माणसास त्या जाळ्यांत ओढते.

येथवर दोषच सांगितले. गुण न सांगणें अन्यायाचें होईल. पहिला गुण असा कीं, खरेंखोटें ओळखण्यास जाणत्या परीक्षकाचें साह्य होतें. शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनाच्या नकला किती सुटल्या आहेत हें आपणांस माहीत आहे, व अशा ठिकाणीं तटस्थ पारख कोणास नको? दुसरा गुण असा कीं, या लोकांनीं नाण्यास हात कसा लावावा व काय करूं नये हें शिकविलें. येथें आम्हांस आमचाच एक अपराध कबूल करावा लागतो. पूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठीं आम्हीं विद्यार्थ्यांकडून चाळीसएक शिवराई जमविल्या, आणि अक्षरें स्पष्ट दिसावीं म्हणून सर्व चिंचेनें व राखेनें घांसून लख्ख केल्या. अक्षरें दिसलीं, पण शेंदोनशें वर्षांचा गंज व त्याबरोबर बारीक रेषा कायमच्या गेल्या. दर्जा देणाऱ्यांनीं अशा घांसलेल्या नाण्यांस आंकडा नाकारला तर त्यांत त्यांची चूक नाहीं. त्यांचें भिंग आमच्याजवळ तेव्हां असतें तर बरें झालें असतें. तिसरा व सर्वांत मोठा गुण म्हणजे छायाचित्रें. पूर्वी खाजगी विक्रींत गेलेलें नाणें पुनः दिसत नसे. आतां विकल्या गेलेल्या नाण्याची प्रतिमा व कित्येकदां वजनही यादींत राहतें. महेश्वरी व विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ १९८९ सालीं निघाला. त्यानंतर उजेडांत आलेले किती तरी नवे प्रकार या याद्यांतून वेंचतां येतील. तात्पर्य, यादी वाईट नाहीं; यादींतील मोलाची पट्टी वांकडी आहे.

म्हणून संग्राहकांस व यादीकारांस आमच्या चारच सूचना आहेत. एक, प्रत्येक नाण्याचें वजन व व्यास यादींत अवश्य द्यावा. छायाचित्रावरून हीं कळत नाहींत. दोन, नाणें कोठून आलें हें विक्रेत्यास विचारावें, आणि 'अमुक तालुक्यांतील घराण्याचा संग्रह' एवढें तरी नोंदवावें. नांव देण्याची गरज नाहीं. तीन, एका घरांतून एकत्र आलेलीं नाणीं फोडून विकण्यापूर्वी त्या सर्वांचें एकत्र छायाचित्र व टिपण करावें. यास एक दुपार पुरते. चार, 'दुर्मिळ' हें विशेषण नाण्यास लावावयाचें कीं त्याच्या दर्जास, हें प्रत्येक वेळीं स्पष्ट लिहावें. ज्यास आपल्या वर्षांतील चकचकीत नाणीं जमविण्याची हौस आहे त्यानें तीं खुशाल जमवावींत. सरकारी टांकसाळी नव्या नाण्यांचे संच संग्राहकांसाठीं स्वतःच विकतात, ते घ्यावेत, आणि कोरड्या जागीं ठेवावेत. आमच्याकडच्या पावसाळ्यांत ही दक्षता विशेष लागते, कारण पेटी मोहोरबंद असली तरी हवाबंद नसते. हौसेस आमचा विरोध नाहीं. हौशीसाठीं पूर्वजांची थैली मोडण्यास आहे.

आतां त्या थैलीची राहिलेली गोष्ट. शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढींच अक्षरें असतात. वर्ष सहसा नसतें. छत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर शे-सव्वाशें वर्षांहून अधिक काळ, मक्त्यानें दिलेल्या निरनिराळ्या टांकसाळींतून हीं नाणीं पडत राहिलीं. म्हणून कोणती शिवराई केव्हांची, हा प्रश्न अक्षरांच्या वळणावरून व वजनावरून अंदाजानें सोडवावा लागतो. ज्याचा काळ निश्चित माहीत आहे असा एखादा एकत्र संच मिळणें, ही या अभ्यासांत पर्वणी होय. आमचा विद्यार्थी दुसऱ्या भेटीस आला तेव्हां, "थैलींत हा एक कागद होता, विकणाऱ्यानें परत दिला, तुम्हांला मोडी येतें म्हणून आणला," असें सांगून त्यानें एक घडी केलेली याद पुढें ठेविली. तींत थैली बांधल्याचा शक व तिथि, शिवराईंचे प्रकार, प्रत्येकाची संख्या व त्या वेळचा रुपयाशीं दर, हें सर्व स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें आहे. काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचा. यादीची एकूण बेरीज व थैलींतून विकलेल्या नाण्यांची संख्या यांत तेरांचाच फरक येतो; म्हणजे ती थैली दोनशें वर्षें जवळजवळ जशीच्या तशी राहिली होती, आणि गेल्या वर्षीं एका दुपारीं पांच ढिगांत वांटली जाऊन पांच ठिकाणीं गेली.

विद्यार्थ्यास आम्ही रागें भरलों नाहीं. त्याचा दोष असेल तर तितकाच आमचाही आहे. त्यास शाळेंत आठ वर्षें शिकविलें, पण घरांतील जुनी वस्तु विकण्यापूर्वी काय विचारावें हें शिकविलें नाहीं. त्यानें आतां ती याद मंडळाच्या दप्तरांत ठेवण्यास दिली असून तिचें वाचन स्वतंत्र टिपणांत प्रसिद्ध करण्याचा आमचा विचार आहे. लिलावाच्या यादींतील पांचही ढिगांचीं छायाचित्रें आम्हीं उतरून ठेविलीं आहेत. या त्रैमासिकाच्या वाचकांत नाणेंसंग्राहक पुष्कळ आहेत. गेल्या वर्षीं ज्या कोणीं शिवराई नाण्यांचा ढीग लिलावांत घेतला असेल, त्यांनीं तो आपल्या छायाचित्रांशीं ताडून पाहण्याची आम्हांस संधि द्यावी. नाणीं परत मागण्याचा हेतु नाहीं. तीं ज्यांचीं त्यांचींच राहोत. फक्त प्रत्येकाचें वजन व दोन्ही बाजूंचे ठसे आम्हांस घेऊं द्यावेत, म्हणजे यादीबरोबर तीं पुनः एकत्र मांडतां येतील. त्यांत कोणास ६७ गुण मिळणार नाहींत. पण आजपर्यंत वर्षावांचून राहिलेल्या शिवराईस कदाचित् तिचें वर्ष मिळेल.